गुणवत्ता समोर असूनही न दिसणे
‘प्रशिक्षकाचे यश म्हणजे हाताशी आलेल्या खेळाडूंची गुणवत्ता, बाकी सारे नशीब’ हे मत मला अर्धेच पटते. फुटबॉलमधले कार्लो अँचेलोत्ती इटलीतील पार्मा क्लबचे प्रशिक्षक असताना १९९७ मध्ये त्यांनी इटलीचा नामवंत आक्रमक रॉबर्टो बाजिओला संघात घेण्याचे नाकारले, कारण आपल्या ४-४-२ (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन आक्रमणात) रचनेत तो बसणार नाही असे त्यांना वाटले. बाजिओ बोलोन्या क्लबला गेला आणि त्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. ही चूक अँचेलोत्तींनी पुढे मोकळेपणाने मान्य केली, आणि मिलान क्लबमध्ये मधल्या फळीतल्या आंद्रेआ पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात खेळवण्यासाठी संघाची मांडणीच त्याच्याभोवती बसवली. गुणवत्ता दोन्ही वेळी समोरच होती.

सांगलीत शाळेच्या संघाला शिकवताना मीही (अर्थात फारच लहान मापात) बाजिओच्या वेळचीच चूक करून बसलो होतो. डाव्या पायाने खेळणाऱ्या एका चपळ मुलाला, केवळ ठरलेली रचना मोडू नये म्हणून, मी वर्षभर उजव्या बचावात उभे केले. चेंडू आला की तो आधी पाय बदलायचा आणि तेवढ्यात समोरचा निसटून जायचा. मिरजेत सपाटून हरल्यावर त्याला डाव्या बगलेवर मोकळे सोडले, तेव्हा कुठे त्याचे क्रॉस गोलसमोर पडू लागले.