नेकेड (ट्रिपल डब्ल्यू नसलेलं) डोमेन जुन्या साइटवर, ट्रिपल डब्ल्यू नव्या ॲपवर: डीएनएसवाले जरा बघता का?

कलमवाला
आंब्याच्या ऑर्डरचं छोटं ॲप रेंडरवर (ॲप चालवून देणारी ऑनलाइन सेवा) चढवलंय. जुनी साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, तिचे पैसे जूनपर्यंत भरलेत म्हणून ती अजून चालू आहे. डोमेन .इन, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यादी) रजिस्ट्रारच्याच, म्हणजे डोमेन विकणाऱ्याच्याच पॅनेलवर. मेल गूगल वर्कस्पेसवर आणि तो एक तासही बंद पडून चालणार नाही, सीझन तोंडावर आहे.

पॅनेलवर सध्या हे आहे (नाव आणि जुन्या सर्व्हरचे आयपी बदलून लिहिलेत. नवख्यांसाठी: @ म्हणजे नुसतं डोमेन, ए म्हणजे आयपीव्ही४ पत्ता, एएएए म्हणजे आयपीव्ही६ पत्ता, सीनेम म्हणजे "त्या दुसऱ्या नावाकडे बघा", एमएक्स म्हणजे मेल कुठे द्यायचा, एसपीएफ-डीकेआयएम म्हणजे मेल खरा असल्याची खूण, टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचं):

@ – ए – २०३.०.११३.१० – टीटीएल १४४००
@ – ए – २१६.२४.५७.१ – टीटीएल ३६००
@ – एएएए – २००१:डीबी८::१० – टीटीएल १४४००
ट्रिपल डब्ल्यू – सीनेम – माझंॲप.ऑनरेंडर.कॉम
@ – एमएक्स – १ – एसएमटीपी.गूगल.कॉम
@ – टीएक्सटी – एसपीएफ
गूगल._डोमेनकी – टीएक्सटी – डीकेआयएम

ट्रिपल डब्ल्यू लावून उघडलं की नवं ॲप, कुलूपबिलूप सगळं ठीक. नुसतं डोमेन.इन टाकलं की ब्रॉडबँडवर कधी जुनं, कधी नवं. जिओवर कायम जुनंच. रेंडरच्या डॅशबोर्डवर नेकेड डोमेनचं कुलपाचं सर्टिफिकेट अडकलंय, व्हेरिफाय दाबून दाबून बोट दुखलं.

पॅनेलमध्ये एलियस किंवा एनेम (@ वर सीनेमसारखे चालणारे रेकॉर्ड) नाही. क्लाउडफ्लेअरवर (डीएनएस सांभाळणारी दुसरी सेवा) हलवू का? बजेट शून्य, फार तर वर्षाला ५०० रुपये.

व्हीपीएस_वाघ
या रेडीमेड प्लॅटफॉर्मच्या नादी लागूच नये. सरळ व्हीपीएस (भाड्याचा स्वतःचा सर्व्हर) घे, स्वतःचा स्टॅटिक आयपी, एक ए रेकॉर्ड, एनजिन्क्स (वेब सर्व्हर), सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारं सॉफ्टवेअर). अर्ध्या तासाचं काम. महिन्याला चार-पाचशेत मस्त मशीन मिळतं.

चिंचवडी
वाघ, त्यांनी वर्षाला ५०० लिहिलंय, महिन्याला नाही. 🙂

नेमसर्व्हर_नाना
क्लाउडफ्लेअर. फुकट. सीनेम फ्लॅटनिंग मिळतं, म्हणजे @ वरही सीनेम टाकता येतो, बाहेरच्याला मात्र तो ए रेकॉर्डच दिसतो. विषय संपला.

जुगाडू_जे
त्यासाठी क्लाउडफ्लेअर कशाला? @ वरचे दोन्ही ए उडवा आणि तिथेच ऑनरेंडर.कॉमचा सीनेम टाका. बरीच पॅनेलं घेतात. माझ्याकडे तसंच आहे, काही होत नाही.

खडूस_रिझॉल्व्हर
पॅनेलने घेतलं म्हणजे चाललं असं नसतं. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्ये (डीएनएसच्या नियमपत्रात) स्वच्छ लिहिलंय: ज्या नावावर सीनेम आहे तिथे दुसरं काही असू नये. @ वर एसओए (डोमेनची मूळ नोंद) आणि एनएस (नेमसर्व्हरची, म्हणजे यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरची नावं) असतातच, ते काढता येत नाहीत, म्हणजे सीनेमला तिथे जागाच नाही.

"काही होत नाही" हे साइटपुरतं. कलमवाल्यांचा प्रश्न मेलचा आहे. एखाद्या रिझॉल्व्हरच्या (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशमध्ये @ चा सीनेम बसला आणि नंतर कुणी त्याच नावाचा एमएक्स विचारला, तर तो सीनेमच्या मागे जातो आणि एमएक्स ऑनरेंडर.कॉमच्या दारात शोधतो. तिथे तुमचा मेल नाही. ज्याच्या कॅशमध्ये सीनेम नाही त्याचा मेल नीट पोचतो. म्हणून दहातले तीन मेल गायब आणि कारण कुणालाच सापडत नाही. व्यापारी म्हणणार "मेल केला होता", तुम्ही म्हणणार "आला नाही".

जुगाडू_जे
माझ्या डोमेनवर मेलच नाही, म्हणून चालत असेल मग. पण चालतंय!

सर्व्हरताई
कलमवाले, क्लाउडफ्लेअर वगैरे नंतर. आधी तुमच्या यादीतच दोन भुतं आहेत.

पहिलं, @ वर दोन ए रेकॉर्ड. डीएनएस "हा नवा, तो जुना" असं बघत नाही. दोन्ही पत्ते उत्तरात देतं, क्रम फिरवत राहतं. म्हणून ब्रॉडबँडवर कधी हे, कधी ते. नवा रेकॉर्ड जोडला म्हणून जुना आपोआप निघत नाही, तो हाताने काढायचा. २०३ वाला उडवा.

दुसरं आणि खरं दुखणं म्हणजे ते एएएए. तो जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही६ पत्ता आहे. जिओचं मोबाइल नेटवर्क मुख्यतः आयपीव्ही६ वर चालतं. नावाला एएएए असेल तर फोन आधी तिकडेच जातो, तिथून उत्तर आलं की ए कडे वळत नाही. म्हणून जिओवर कायम जुनी साइट. रेंडरचा २१६ वाला पत्ता आयपीव्ही४ आहे आणि एएएए रेकॉर्ड ठेवू नका असं त्यांच्या मदतपानावरच लिहिलंय. उडवा.

सर्टिफिकेट अडकण्याचं कारणही तेच. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) डोमेन तपासायला पोर्ट ८० वर (साध्या एचटीटीपीच्या दारावर) येतं आणि एएएए असेल तर आधी आयपीव्ही६ वरच जातं. तिथे जुना सर्व्हर ४०४ (पान सापडलं नाही) देतो. कनेक्शनच लागलं नाही तर ते आयपीव्ही४ वर परत प्रयत्न करतं, पण चुकीचं का होईना उत्तर मिळालं की तपासणी नापास. तुमचा जुना सर्व्हर जिवंत आहे, म्हणून नापास.

आणि व्हेरिफाय दाबणं थांबवा. एका नावासाठी तासाला पाच फसलेल्या तपासण्या झाल्या की लेट्स एन्क्रिप्ट पुढच्या घेतच नाही. रेकॉर्ड दुरुस्त करा, तासभर गप्प बसा, मग एकदाच दाबा.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे सगळं ॲमेझॉनच्या डीएनएसवर, रूट ५३ वर. एलियस रेकॉर्ड आहे, @ वर बिनधास्त चालतो, हेल्थ चेक, फेलओव्हर, सगळं. झोनला (एका डोमेनच्या यादीला) महिन्याला फक्त अर्धा डॉलर.

चिंचवडी
दादा, रूट ५३ चा एलियस ॲमेझॉनच्याच गोष्टींकडे वळतो: क्लाउडफ्रंट, लोड बॅलन्सर, एस३ किंवा त्याच झोनमधला दुसरा रेकॉर्ड. ऑनरेंडर.कॉमकडे नाही. यांना उपयोग शून्य. शिवाय बारा महिन्यांचे सहा डॉलर आणि वर जीएसटी, बजेट तिथेच फुटलं.

न्यूजर्सीकर
मग ॲपच ॲमेझॉनवर न्यावं.

नेमसर्व्हर_नाना
परत सांगतो, क्लाउडफ्लेअर. फुकट आहे.

पॅकेट_पोरगी
नानांचं चूक नाही, पण "विषय संपला" म्हणण्याइतकं सोपंही नाही. नेमसर्व्हर बदलताना चार ठिकाणी पाय अडकतो.

एक, क्लाउडफ्लेअर जुने रेकॉर्ड स्वतः शोधून आणतं, पण ते नेहमीची नावं चाचपून बघतं. सगळं सापडेलच असं नाही, आणि डीकेआयएमसारखी आडवळणाची नावं सुटतात. एमएक्स आला, डीकेआयएम राहिला, तर मेल जातो पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. म्हणून आधी पॅनेलवरून झोन एक्स्पोर्ट करा, नसेल होत तर स्क्रीनशॉट काढा आणि ओळ न् ओळ जुळवा.

दोन, रजिस्ट्रारकडे डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर आधी तिथला डीएस रेकॉर्ड (त्या सहीचा दुवा) काढायचा, त्याचा टीटीएल संपू द्यायचा, मगच नेमसर्व्हर बदलायचे. घाई केली तर सही तपासणारे रिझॉल्व्हर थेट सर्व्हफेल (उत्तराऐवजी एरर) देतात, म्हणजे साइट आणि मेल दोन्ही गायब. गंमत म्हणजे काही प्रोव्हायडरचे रिझॉल्व्हर तपासतच नाहीत, त्यामुळे "माझ्याकडे तर उघडतंय" हा वाद सुरू होतो.

तीन, नारिंगी ढग, म्हणजे सगळी ये-जा क्लाउडफ्लेअरमधून नेणारी खूण. रेंडरचं सर्टिफिकेट होईपर्यंत ढग करडा ठेवा, म्हणजे फक्त डीएनएस. नारिंगी असताना बाहेरून क्लाउडफ्लेअरचे आयपी दिसतात आणि प्लॅटफॉर्मला आपलं नाव ओळखता येत नाही.

चार, नंतर ढग नारिंगी केलात तर एसएसएल मोड फ्लेक्झिबल नको, फुल स्ट्रिक्ट. फ्लेक्झिबलमध्ये क्लाउडफ्लेअर रेंडरकडे साध्या एचटीटीपीने जातं, रेंडर म्हणतं एचटीटीपीएसने ये, क्लाउडफ्लेअर ते ब्राउझरला सांगतं, ब्राउझर तर आधीच एचटीटीपीएसवर. गोल गोल गोल. मग "टू मेनी रीडायरेक्ट्स".

व्हीपीएस_वाघ
बघा, एवढ्या भानगडी. व्हीपीएसवर यातलं काहीच नाही. आणि रेंडरचं फुकट ॲप १५ मिनिटं कुणी आलं नाही की झोपतं. पहिलं गिऱ्हाईक पांढरं पान बघत बसतं.

कलमवाला
पेड प्लॅनवर आहे, झोपत नाही. त्यातच पैसे गेले म्हणून तर डीएनएसला शून्य. 😀

ताईंनी सांगितल्याप्रमाणे २०३ वाला ए आणि एएएए दोन्ही काढले. वीस मिनिटं झाली, जिओवर अजून जुनंच. ४८ तास लागतात का?

आशावादी
हो, प्रॉपगेशनला (बदल सगळीकडे पसरायला) २४ ते ४८ तास लागतात. धीर धरा.

खडूस_रिझॉल्व्हर
हे ४८ तासांचं तुणतुणं बंद करा कुणीतरी. काही पसरत वगैरे नसतं. प्रत्येक रिझॉल्व्हर त्याच्याकडची जुनी प्रत टीटीएल संपेपर्यंत वापरतो, एवढंच. ४८ तास आले कुठून? .कॉमच्या रजिस्ट्रीत एनएसचा टीटीएल १७२८०० सेकंद आहे, म्हणजे दोन दिवस. तो नेमसर्व्हर बदलताना लागू. इथे नेमसर्व्हर बदललेलेच नाहीत. बदललं ते १४४०० टीटीएलचं रेकॉर्ड, म्हणजे जास्तीत जास्त चार तास.

खरं तर बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० करायचा, जुना टीटीएल उलटू द्यायचा, मग हात लावायचा. आता ते राहिलं, तर चार तास थांबा.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. नाव बनवायच्या आधीच ब्राउझरमध्ये टाकून बघितलं, तर "असं नाव नाही" हे उत्तरही कॅश होतं. ते किती वेळ, हे एसओएमधला शेवटचा आकडा ठरवतो. नवं सबडोमेन करताना आधी रेकॉर्ड, मग उत्सुकता.

सर्व्हरताई
थांबण्यापेक्षा मुळाशी विचारा. आधी डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) एनएस काढा, मग त्याच नेमसर्व्हरचं नाव ॲटच्या खुणेपुढे देऊन एएएए विचारा. तिथे रिकामं आलं तर तुमचं काम बरोबर झालंय, उरलं ते फक्त कॅश. मग १.१.१.१ आणि ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरना विचारा. विंडोजवर एनएसलुकअपमध्ये टाइप एएएए द्या. फोनवर जुनंच दिसलं तर एकदा एअरप्लेन मोड लावून काढा, ब्राउझरची कॅशही बघा. जुन्या साइटने ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) दिलं असेल तर ब्राउझर ते धरून ठेवतो, त्यात डीएनएसचा दोष नाही.

आशावादी
सर्टिफिकेट अडकलंय म्हणजे सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यायचं हे ठरवणारा) असणार. लेट्सएन्क्रिप्ट.ऑर्ग आणि पीकेआय.गूग दोन्ही टाकावे लागतात.

पॅकेट_पोरगी
सीएए असेल तरच ते दोन टाकायचे, नसेल तर कुणीही अधिकृत संस्था सर्टिफिकेट देऊ शकते. यांच्या यादीत सीएए नाही. आणि @ वर सीएए आडवं आलं असतं तर ट्रिपल डब्ल्यूचंही अडलं असतं, कारण तपासणी नावावरून वर वर चढत @ पर्यंत येते. ते तर झालंय.

भारत_डॉट_भारत
विषय निघालाच आहे तर मराठी धंद्याला .भारत डोमेन का नको? देवनागरीत नाव, २०१४ पासून मिळतंय.

चिंचवडी
विषय निघालेला नाही. पण घेतलंत तर पॅनेलमध्ये देवनागरी न टाकता एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं रूप टाकावं लागतं, आणि प्लॅटफॉर्मवरही तेच. शिवाय देवनागरी पत्त्यावर मेल अजून बऱ्याच ठिकाणी अडतो. मुख्य धंदा त्यावर नको, रीडायरेक्ट म्हणून ठीक.

सर्व्हरताई
कलमवाले, जाता जाता दोन गोष्टी. जुन्या सी-पॅनेलमध्ये (होस्टिंगच्या पॅनेलमध्ये) ईमेल रूटिंग "लोकल" असेल तर जुन्या साइटच्या फॉर्मवरून येणारे मेल त्याच सर्व्हरच्या पेटीत पडतात, गूगलकडे जातच नाहीत, कारण त्या सर्व्हरला वाटतं हे डोमेन माझंच. ते "रिमोट" करा, आणि त्या पेटीत काही जुन्या ऑर्डरी पडल्यात का बघा.

आणि नवा सीनेम टाकताना होस्टच्या रकान्यात फक्त छोटं नाव, पूर्ण डोमेन नको. बरीच पॅनेलं डोमेन स्वतः जोडतात, मग शॉप.डोमेन.इन.डोमेन.इन तयार होतं आणि माणूस दिवसभर डोकं खाजवतो.

कलमवाला
नेमसर्व्हरवर एएएए रिकामं आलं. तासाने व्हेरिफाय एकदाच दाबलं, सर्टिफिकेट झालं! जिओवरही आता नवं दिसतंय. सी-पॅनेलच्या पेटीत अकरा चौकश्या सापडल्या, ताई तुमचे उपकार.

क्लाउडफ्लेअरवर मात्र नेत नाही. नाना, रागावू नका. सीझनमध्ये नेमसर्व्हरला हात लावायची छाती नाही. @ वर एकच ए ठेवतोय, आणि मुख्य पत्ता ट्रिपल डब्ल्यूचाच, नेकेडवरून तिकडे रीडायरेक्ट. पेट्यांवर आणि बिलावर तेच छापलंय.

नेमसर्व्हर_नाना
उद्या रेंडरने आयपी बदलला की कळेल. फुकट मिळत असताना घेत नाहीत लोक.

पॅकेट_पोरगी
बदलला तरी ट्रिपल डब्ल्यू सीनेमवर आहे, ते चालूच राहील. फक्त नुसतं डोमेन टाइप करणारे अडतील आणि एक आकडा बदलावा लागेल. निर्णय ठीक आहे.

खडूस_रिझॉल्व्हर
जूनमध्ये होस्टिंग बंद कराल तेव्हा मेल, एफटीपी, सी-पॅनेल या नावांचे जुन्या आयपीवर जाणारे ए रेकॉर्ड असतील तर तेही काढा. यादीत दिले नाहीत, पण पॅनेलच्या दुसऱ्या पानावर असतातच. तो आयपी उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो आणि तुमच्या नावाखाली त्याचं दुकान दिसतं. रेंडरवरचं ॲप कधी उडवलंत तर आधी सीनेम काढायचा, मग ॲप.

कलमवाला
बघितलं, दुसऱ्या पानावर सहा निघाले. एफटीपी, वेबमेल, ऑटोडिस्कव्हर, सगळी जत्रा. ऑटोडिस्कव्हर (आउटलुकला मेल सर्व्हर सांगणारं नाव) काढला तर आउटलुकवाल्यांना त्रास होईल का?

सर्व्हरताई
मेल गूगलवर आहे, तो ऑटोडिस्कव्हर जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवतोय. राहिला तर आउटलुक चुकीच्या सर्व्हरचा पासवर्ड मागत बसेल. काढा.