खोकला जाता जात नाही : तुमच्या घरचे अनुभव लिहा

धाकटीची_आई (इंदिरानगर)

मंडळी, आमच्याकडे साडेसहा आठवडे खोकला मुक्कामाला आहे म्हणून हा धागा. धाकटी सात वर्षांची. आधी दहा-बारा दिवस नुसती सर्दी, नाक गळतंय, ताप जवळपास नाही, मी म्हटलं डिसेंबरची थंडी आहे, नाशिकात कोणाला होत नाही. मग रात्रीचं सुरू झालं. खोखोखोखो एका दमात दहा-पंधरा वेळा, मधे श्वास घ्यायला फुरसत नाही, तोंड लालबुंद, डोळ्यातून पाणी, जीभ बाहेर, आणि शेवटी श्वास आत ओढताना कोंबडा आरवल्यासारखा आवाज. त्यानंतर तार धरणारा चिकट कफ आणि उलटी. आणि दोन मिनिटांनी पोरगी विचारते, आई गोष्ट कुठपर्यंत आली होती? एका उबळीनंतर डाव्या डोळ्यात रक्त उतरलं तेव्हा माझे हातपाय गळाले, पण तो खोकल्याचा जोर असतो, हळूहळू निवळतं म्हणे, आणि निवळलं.

गंमत म्हणजे दवाखान्यात गेलं की ही एकदम शहाण्यासारखी बसते, छाती साफ. दोनदा सर्दीचं औषध घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा मी रात्री सव्वादोनचा व्हिडिओ दाखवला, डॉक्टरांनी आवाज मोठा करून दोनदा ऐकला आणि म्हणाले डांग्या खोकला. मी म्हटलं तो अजून असतो? नाकातून घशामागचा स्वॅब घेतला, तोच निघाला. पाच दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन, घरातल्या सगळ्यांनाच, आणि तिला पाच दिवस शाळा बंद. त्यांनी आधीच सांगितलं होतं की गोळ्यांनी जंतू मरतील, दुसऱ्याला लागणार नाही, पण खोकला आपल्या चालीनेच जाणार, श्वासनळीचं आतलं अस्तर सोललेलं असतं ते भरून यायला वेळ लागतो. शंभर दिवसांचा खोकला उगाच म्हणत नाहीत.

लसीचं कार्ड काढलं तर डांग्याच्या लसीचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस आहेत, दीड वर्षाचा बूस्टर आहे, पाच वर्षांचा रकाना कोरा. त्याच वर्षी आम्ही घर बदललं, कार्ड पेटीत गेलं ते गेलंच.

घरात उपयोगी पडलेलं सांगते. उशाशी छोटं पातेलं आणि जुना टॉवेल. जेवण उबळ येऊन गेल्यावर लगेच, थोडं थोडं, मऊ भात नाहीतर पेज, कारण तेव्हा उलटी होत नाही आणि पोटात राहतं. धूप, उदबत्ती, कॉइल, फोडणीचा ठसका सगळं बंद (सासूबाईंनी देवापुढे फक्त निरांजन ठेवलं, त्यांचे आभार). झोपताना चमचाभर मध. आणि कॅलेंडरवर रोजच्या उबळींच्या उभ्या रेघा मारते, सगळ्यात वाईट रात्री १९ होत्या.

नाशिकरोडची_मामी

ताई, कोंबड्याचा आवाज आला म्हणून तुम्हाला कळलं तरी, तान्ह्यांना तो बऱ्याचदा येतच नाही. माझा भाचा दोन महिन्यांचा होता, खोकला म्हणावा असा नव्हताच, दूध पिता पिता थांबायचा, ओठ निळे पडायचे आणि श्वासच घ्यायचा नाही. वहिनीने गदागदा हलवलं (तसं करू नये हे नंतर कळलं) आणि तसंच रिक्षात घालून नेलं, नऊ दिवस अ‍ॅडमिट होता. त्याला दिला कोणी तर मी. महिनाभर "साधा खोकला" घेऊन मीच त्याला मांडीवर घेऊन बसत होते, लहानपणीची लस मोठेपणी पुरत नाही हे माझ्या गावी नव्हतं. शिवाय त्याची दीड महिन्याची लस थोडं नाक वाहतंय म्हणून पुढे ढकललेली, तेवढ्यासाठी थांबायची काही गरज नव्हती असं तिथले डॉक्टर म्हणाले. माझ्या वेळी मी सातव्या महिन्यानंतर डांग्या खोकल्याची लस मागून घेतली, खाजगीत मिळते, बाळाला पोटातच थोडं संरक्षण जातं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको हं, बोटाला लावून चाटवायलाही नको.

द्राक्षवाला (दिंडोरी)

आमचं प्रकरण वेगळंय. वडील ६८, पाच महिने कोरडा खोकला, कफ नाही ताप नाही, रात्री तर घरात कोणी झोपायचं नाही. मी म्हणायचो बागेत गंधकाची धुरळणी झाली की तात्या तोंडाला फडकं बांधत नाही म्हणून. एक्सरे केला, रक्त केलं, सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरने विचारलं बीपीची गोळी कोणती. रामिप्रिल, आणि ती चालू झाली मागच्या वर्षी. गोळी बदलून दिली, तीन आठवड्यात खोकला गायब. खर्च मोजला तर डोकं फिरतं भो. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका, बदलून घ्या.

पंचवटीची_आजी

मी आपली जुनी बाई. अडुळसा, ज्येष्ठमध, बेहड्याची साल तोंडात धरणं, सितोपलादी मधातून, हे घशाला बरं वाटायला चांगलंच, त्याला कोणी नावं ठेवू नये. पण आमच्या लहानपणी दारावर गाढवीण घेऊन माणूस यायचा, डांग्याला चमचाभर दूध उतारा म्हणून, आणि आया रांग लावायच्या. माझ्या धाकट्या भावाला पाजलं होतं. तो बरा झाला, पण तीन महिन्यांनी, म्हणजे जेव्हा व्हायचा तेव्हाच. पोटुशी बाईला अडुळसा देऊ नका बरं का. आणि वाफेचं पातेलं लहान मुलासमोर नको, आमच्या वाड्यात एका पोराची मांडी भाजली होती, खोकला गेला आणि डाग राहिला.

सातपूरकर

मी लिहू की नको करत होतो. कंपनीत शिफ्ट, धूळ, त्यामुळे खोकला म्हणजे कामाचा भाग समजायचो. मेडिकलवाल्याकडून सिरपच्या चार बाटल्या संपवल्या, त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की पँट सैल झालीये आणि संध्याकाळी अंग कसकसतं. बायकोने धरून सरकारी दवाखान्यात नेलं, बेडका तपासला, टीबी. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, सहा महिने, आणि पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली, मुलगा निगेटिव्ह आला त्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसून रडलो. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला की बेडका तपासा, लाज कसली. चाळीत मी अजून कोणाला सांगितलेलं नाही हेही खरं.

कॉलेजरोड_३४

सातपूरकर दादा, लिहिलंत ते बरं केलंत. माझं थोडक्यात : रस्ते खोदायला लागले तेव्हापासून मला पहाटे तीनला खोकला, हसलं की खोकला, जिना चढलं की खोकला. छातीत शिट्टी वाजत नाही म्हणून दमा नाही असं मीच ठरवलेलं. फुंकायची टेस्ट केली, दमाच. पंपाची सवय लागते म्हणून आईने आठ दिवस पंप लपवून ठेवला होता!! स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेते, नंतर चूळ भरते, आता रात्रभर झोपते.

नाशिकरोडची_मामी

धाकटीची आई, तिला कफ सिरप देताय का काही?

धाकटीची_आई

नाही. डॉक्टरच म्हणाले डांग्यात त्याचा फारसा उपयोग नाही. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्याला सिरप पिऊन लहान मुलं गेली त्यानंतर माझा हातच जात नाही बाटलीकडे. डॉक्टरांनी मला एवढंच लिहून दिलंय की ओठ निळे पडले, श्वास अडकला, पाणीही पोटात ठरेना किंवा मलूल पडली तर रात्र असो दिवस असो, सरळ निघायचं. कागद फ्रिजवर लावलाय.

मोठ्याचं कार्ड पण शोधलं, त्याचा पाच वर्षांचा डोस झालेला निघाला. कालच्या रेघा चार. आजच्या अजून दोन... थांबा, उठली वाटतं, पातेलं घेऊन जाते.