‘अब्म्येन’ : विनिमय की अदलाबदल?

पृच्छा : सोव्हिएत रशियन लेखक युरी त्रिफोनव यांच्या ‘अब्म्येन’ (‘नोवी मिर’ मासिक, डिसेंबर १९६९) या दीर्घकथेच्या शीर्षकासाठी मराठीत ‘विनिमय’ हा शब्द चालेल का?

उत्तर : माझ्या मते ‘विनिमय’ टाळावा. परकीय चलन आणि विचार यांच्या संगतीत हा शब्द इतका रुळला आहे की, त्यातून घर डोळ्यांसमोर येतच नाही. त्या काळच्या मॉस्कोवासीयाला मात्र ‘अब्म्येन’ म्हटले की आधी घरच आठवे. सरकारी जागा विकता येत नसे, पण परवानगीने दोन कुटुंबांना आपापल्या जागांची अदलाबदल करता येई. कथानायक द्मित्रियेवची (घरचे नाव वीत्या) आई कर्करोगाने आजारी आहे आणि २० चौरस मीटरच्या खोलीत ती एकटीच राहते, त्यामुळे तिच्या पश्चात ती खोली हातची जाणार. म्हणून जिचे सासूशी कधीच पटले नाही ती सून लेनाच आता एकत्र राहण्याची घाई करते, आणि आईपाशी विषय काढण्याचे जड काम मुलाच्या गळ्यात पडते. या व्यवहाराला ‘अदलाबदल’ हाच बोलीतला शब्द आहे.

शीर्षकाची खरी कसोटी लागते ती आईच्या उत्तरात. अब्म्येन केव्हाच झाला आहे, तो तूच केला आहेस, अशा आशयाचे ती मुलाला सुनावते. येथे ‘तू बदललास’ असे भाषांतर करण्याचा मोह होईल, परंतु ते कोणत्याही आईचे गाऱ्हाणे ठरेल. मूळ क्रियापदात काही देऊन काही घेतल्याचा हिशेब आहे. ‘तुझी अदलाबदल केव्हाच झाली, वीत्या’ असे म्हटले तर घराचा शब्द माणसाला लागतो, आणि कथेला नेमके तेच हवे आहे. काही दिवसांनी ती होकार कळवते, हे विशेष.

पुरवणी : वरील मत पटते. याच कथेच्या संदर्भात ‘प्रपीस्का’ या रशियन शब्दासाठी कोणी ‘नाव लावणे’ सुचवील, कारण सातबाऱ्यावर किंवा शिधापत्रिकेवर आपण नाव लावतोच. पण सातबाऱ्यामुळे त्या प्रयोगाला मालकीहक्काचा वास येतो, आणि प्रपीस्का म्हणजे सोव्हिएत काळात अंतर्गत पासपोर्टात (देशांतर्गत ओळखपत्रात) शिक्क्याने नोंदवलेला वास्तव्याचा पत्ता; मालकीशी तिचा संबंध नसे. त्यापेक्षा ‘रहिवासाची नोंद’ हा रुक्ष शब्दच बरा, कारण मूळ शब्दही कचेरीतलाच आहे.