गुरुत्वाकर्षणाचा ‘नियम’ आणि एकादशीचा नेम

गोदाकाठ: परवा प्रवचनात एक दाखला ऐकला. ‘गच्चीवरून उडी मारणारा गुरुत्वाकर्षण मानो वा न मानो, तो खालीच येणार. कर्माचा नियमही तसाच आहे, म्हणून देवाचे नियम पाळा.’ टाळ्या पडल्या. मी मात्र त्या ‘म्हणून’पाशी अडकलो. दोन्हीकडे ‘नियम’ एकाच अर्थाने आला आहे का? आणि गुरुत्वाकर्षणातला गुरू कोणता? शेजारी बसलेले काका ठामपणे म्हणाले, ‘गुरुमाउलींचं आकर्षण, दुसरं काय!’

जुनी वही: काकांना नमस्कार सांगा, पण इथे गुरू म्हणजे जड. वृत्तातले लघु-गुरू असतात, त्यातलाच. शिकवणाराही मानाने भारी, म्हणून गुरू.

‘गुरुत्व’ हा शब्द आपल्याकडे फार जुना. वैशेषिक दर्शनाच्या जुन्या सूत्रांत ‘संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्’ असं आहे, म्हणजे आधार सुटला की जडपणामुळे वस्तू पडते. तर्कसंग्रह या न्याय-वैशेषिकाच्या पाठ्यग्रंथात गुरुत्व चोवीस गुणांपैकी एक, आणि तेही फक्त पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांत. यात ओढणारं कोणी नाही, जडपणा वस्तूचा स्वतःचा. ओढणारी पृथ्वी स्पष्टपणे येते ती भास्कराचार्यांकडे, 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत: ‘आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या । आकृष्यते तत्पततीव भाति’. म्हणजे पृथ्वीत ओढण्याची शक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती त्या शक्तीने आपल्याकडे ओढते, आणि ती पडल्यासारखी भासते. त्यातला ‘इव’, म्हणजे ‘सारखी’, पाहा. वस्तू पडल्यासारखी भासते. खरं तर ती ओढली जाते.

सह्यकडा: म्हणजे न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी नियम आपल्याकडे होता!

फळ्यावरचा खडू: ओढ होती, नियम नव्हता. 1687 च्या प्रिन्सिपिया या ग्रंथात न्यूटनने प्रमाण दिलं: अंतर दुप्पट झालं की बल चौथाई. शिवाय ओढ दुतर्फी आहे. झाडावरचा आंबाही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतो, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. भास्कराचार्य वेगळ्याच प्रश्नाला भिडले होते: पृथ्वी कशावर टेकली आहे? ते म्हणतात, तिला कोणी मूर्त आधार मानला तर त्या आधाराला दुसरा लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. शेवटच्याला स्वतःच्या शक्तीने उभं राहता येतं म्हणता, तर मग ते पृथ्वीलाच का येऊ नये? शेषाच्या फण्याला यात जागा उरत नाही. लीलावतीच्या आरंभी गणेशाला वंदन करणाऱ्या माणसाने हे लिहिलं आहे, आणि त्याची श्रद्धा त्यामुळे कुठे खचलेली दिसत नाही. मला ही गोष्ट ‘आधी कोणी’च्या भांडणापेक्षा मोठी वाटते.

गोदाकाठ: पण माझा ‘म्हणून’ राहिलाच की.

जुनी वही: येते त्याच्याकडे. नियमाचाच घरगुती अवतार म्हणजे नेम. एकादशीचा नेम धरतात, पाळतात आणि कधी मोडतातही. मोडता येतो म्हणूनच पाळण्याला किंमत. गुरुत्वाकर्षण ‘पाळलं’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. दगड काही आज्ञाधारक नसतो. तिथला नियम हे घडणाऱ्या गोष्टीचं वर्णन आहे, आज्ञा नव्हे. बुवांनी वर्णनाची खात्री घेतली आणि तिच्या जोरावर आज्ञा सुनावली. शब्द एकच असल्याने सांधा दिसला नाही.

सह्यकडा: विमान मोडतं की नियम!

फळ्यावरचा खडू: नाही हो. पंखांवरचं वर उचलणारं बल वजन तोलतं, वजन जात नाही. सेकंदाला 11.2 किलोमीटरच्या मुक्तिवेगाने सुटलेल्या यानालाही पृथ्वीची ओढ असतेच, फक्त परत आणण्याइतकी उरत नाही. (‘मुक्तिवेग’ हा शब्द ज्याने घडवला त्याला दाद द्यावीशी वाटते.)

दाखल्यात आणखी एक खोट आहे. गच्चीवरून एकाने उडी मारली, दुसऱ्याचा पाय घसरला, तिसऱ्याला कोणी ढकललं. तिघंही सारख्याच वेगाने खाली येतात. गुरुत्वाकर्षण हेतू विचारत नाही. कर्माच्या विचारात तर हेतूलाच सगळं मोल. गीता फळाची आस सोडायला सांगते, ती उगाच का?

जुनी वही: अगदी. म्हणूनच जुना शब्द ‘कर्मविपाक’ मला बरा वाटतो. विपाक म्हणजे पिकणं. पिकायला वेळ लागतो, पडायला लागत नाही.

आणि वारकऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा दाखला महागात पडतो. विठ्ठलाला आपण पतितपावन म्हणतो. ‘पतित’ हा शब्दच पडण्याचा, पत् धातूतला. पडलेल्याला उचलणारा देव हवा असेल तर कर्माला गुरुत्वाकर्षणासारखं अटळ करून चालत नाही. तिथे कृपेला फट ठेवावीच लागते. श्रद्धेला विज्ञानाचा टेकू द्यायला गेले आणि कृपाच बाहेर राहिली.

फळ्यावरचा खडू: न्यूटन स्वतः भाविक होता, तरी इथे तो जपून होता. बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की गुरुत्वाकर्षण घडवणारा कर्ता भौतिक की अभौतिक, हे मी वाचकांवर सोडलं आहे.

गोदाकाठ: काकांना यातलं ‘पततीव’ तेवढं सांगतो. बाकीचं ऐकवलं तर पुढच्या प्रवचनाला ते मला शेजारी बसू देणार नाहीत.