मदत हवी आहे: डोंगर ओलांडणारी जवळची वाट सायकलने जमेल का?

वळणवाट: रविवारी पहाटे निघायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. पलीकडच्या खोऱ्यात उतरायला दोन रस्ते दिसतात. डांबरीने ५२ किमी, डोंगरावरून २३. ॲप जवळचाच सुचवतंय, पण मध्ये एका ठिकाणी २६ टक्के चढ दाखवतंय. जमेल की नाही, एवढंच हवंय.

चेनरिंग: सायकल कोणती? गिअर? टायरची रुंदी? सामान किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

काटेरी: आधी टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, करून घ्या. बारीक भोकं सीलंट (टायरमध्ये घातलेला चिकट द्रव) चालता चालता बुजवतं, शिवाय हवा कमी ठेवता येते, म्हणजे खडीवर पकड मिळते. मी तर दुसरं काही वापरतच नाही.

उतारू: काटेरी, प्रश्न चढाचा आहे. त्या २६ टक्क्यांना घाबरू नका. ॲपमधली उंची बहुतेक वेळा अवकाशातून मोजलेली असते, साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच आकडा. रस्ता कड्यात कोरलेला असला की वरच्या कड्याची उंची रस्त्याला लागते आणि नसलेला चढ दिसतो. लांब पल्ल्याची सरासरी काढा. ४ किमीत ३२० मीटर चढलात तर ८ टक्के.

चेनरिंग: सरासरी ८ असली तरी मधला अर्धा किलोमीटर १५ चा निघू शकतो, आणि माणूस तिथेच उतरतो. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) कुठे दाटल्यात ते बघा.

वळणवाट: रोड बाईक. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दातांच्या. टायर २८ मिमी. कॅरियरवर दोन पिशव्या. ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर ती वाट तपकिरी तुटक रेष आहे. आता तरी सांगा.

सीटपोस्ट: लांब पल्ल्याला सीट दुखत असेल तर तिचं नाक एक-दोन अंश खाली करा. खूप फरक पडतो.

चेनरिंग: वळणवाट, सायकलची ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती. पुढे ३४, मागे २८ या तुमच्या सर्वांत हलक्या गिअरवर मिनिटाला ६० पेडल मारली तरी ताशी ९ किमीच्या वर वेग राखावा लागतो. सामानासकट १० टक्क्यांच्या चढावर तो फार वेळ टिकत नाही, गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवली तर साडेसातवर येतं. पण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढे दात झेलतो का ते तपासा, चेनही लांब लागेल.

उतारू: गिअर राहू द्या, ती तुटक रेष बघा. तपकिरी रेष म्हणजे गाडीवाट, आणि जितकी जास्त तुटक तितकी कच्ची. सर्वांत विरळ असेल तर नुसती माती किंवा गवत. २८ मिमीवर, सामान घेऊन, तिथून उतरू नका.

काटेरी: ट्यूबलेस असेल तर २८ वरही जातं. मी गेलोय.

उतारू: सामान होतं का?

वळणवाट: रेष अगदी विरळ आहे. एकटाच जातोय, म्हणजे डांबरीनेच जातो. पण त्या ५२ किमीत एकूण चढ किती पडेल?

चेनरिंग: जीपीएक्स (मार्गाची फाइल) टाका.