मदत हवी आहे: अमोनियम परक्लोरेटचं विघटन मधेच का थांबतं?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमएस्सी केमिस्ट्री करतेय, सेमिनारला सॉलिड रॉकेटमधलं (म्हणजे घन इंधनाच्या रॉकेटमधलं) अमोनियम परक्लोरेट, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा क्षार, घेतलंय, विषय जाम आवडलाय पण एका ठिकाणी गाडी अडलीये. तापवत नेलं की २४० डिग्री सेल्सिअसच्या आसपास स्फटिकाची रचना बदलते, पुढे सावकाश विघटन होतं आणि साधारण ३० टक्के वजन गेलं की ते चक्क थांबतं, उरलेला दाणा पार सच्छिद्र, अनारशाच्या जाळीसारखा! कारण असं वाचलं की सुटलेला अमोनिया पृष्ठभागाला चिकटून बसतो, हे पटतंय. पण रॉकेटची मोटर (ज्यात हे घन इंधन जळतं तो भाग) पेटल्यावर पृष्ठभाग क्षणात तापतो ना, मग ही थांबण्याची पायरी तिथे खरंच येते का? ओझर-दिंडोरीकडचे या क्षेत्रातून रिटायर झालेले कोणी काका-काकू असतील तर प्लीज थिअरी समजावून सांगा.