राजदूताचं नाव सिनेटमध्ये ‘अडकतं’ म्हणजे नेमकं कुठे अडकतं?

प्रश्न – उंबरठा

एरिक गार्सेटी यांचं नाव दिल्लीतले अमेरिकी राजदूत म्हणून जुलै २०२१ मध्ये जाहीर झालं आणि मंजुरी मिळाली १५ मार्च २०२३ ला. वीस महिने! सर्जिओ गोर यांचं नाव २२ ऑगस्ट २०२५ ला आलं आणि ७ ऑक्टोबरला मंजूरही झालं. पद तेच, सभागृह तेच. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्ही वेळा ‘सिनेटची मोहोर’ एवढंच छापून आलं. मला हवं आहे ते असं : फाइल कोणत्या टेबलावर किती थांबते, पार्श्वभूमी तपासणीचे कागद खासदारांपैकी कोणाला दिसतात, आणि सुनावणीत खरोखर काही तपासलं जातं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १ – दफ्तरखाना

नाव जाहीर होणं आणि नाव सिनेटकडे पोहोचणं या दोन वेगळ्या घटना आहेत, तारखा मोजताना हे आधी लक्षात घ्या. साधारण क्रम असा. व्हाइट हाउस माणूस निवडतं. तो एसएफ-८६ हा लांबलचक सुरक्षा फॉर्म भरतो : राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, परदेशी संपर्क, परदेश प्रवास, कर्जं. त्यावरून एफबीआयची चौकशी होते. समांतर चालतं आर्थिक विवरण, फॉर्म २७८-ई. यात नेमकी रक्कम नसते, टप्पे असतात : अमुक कंपनीचे समभाग, ‘१,००१ ते १५,००० डॉलर’. त्या यादीवरून हितसंबंध कुठे आडवे येतात ते काढतात आणि उमेदवाराकडून लेखी हमी घेतात, की मंजुरीनंतर बहुधा ९० दिवसांत तो अमुक समभाग विकेल, अमुक संचालकपद सोडेल. यजमान देशाची पूर्वसंमतीही याच काळात मागतात.

हे सगळं जमलं की नामनियुक्ती परराष्ट्र संबंध समितीकडे जाते. तिथे सुनावणी, मग लेखी प्रश्न, मग समितीचं मतदान. त्यानंतर नाव सभागृहाच्या कार्यसूचीवर चढतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना धक्का देईल. एफबीआयचा अहवाल सगळ्या समितीला मिळत नाही. प्रथा अशी की तो फक्त समितीचा अध्यक्ष आणि समितीतला विरोधी पक्षाचा प्रमुख सदस्य पाहतात. बाकीचे सदस्य आर्थिक विवरण, प्रश्नावली आणि स्वतः गोळा केलेल्या माहितीवर मत देतात.

आणखी दोन कागद १९८० च्या फॉरेन सर्व्हिस कायद्याने सक्तीचे आहेत. एक, या माणसात या पदाची पात्रता का आहे याचं प्रमाणपत्र. त्या देशाची भाषा, इतिहास, संस्कृती यांची उपयुक्त जाण असावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. दुसरा, राजकीय देणग्यांचा तक्ता. हा एकदा डोळ्यांनी पाहाच, काँग्रेसच्या छापील कामकाजात येतो. ओळी अशा : स्वतः, जोडीदार, मुलं व त्यांचे जोडीदार, आईवडील, आजीआजोबा, भाऊ व वहिन्या, बहिणी व मेहुणे. प्रत्येकापुढे रक्कम, तारीख, कोणाला दिली. देणगी हा निवडीचा निकष असू नये असं तोच कायदा सांगतो, तरी मोठे देणगीदार राजदूत होतातच. तक्ता नेमणूक थांबवत नाही, पण नातं लपू देत नाही. माझ्या मते सगळ्या पुडक्यातला हा सर्वांत उपयोगी कागद.

प्रतिसाद २ – सभापतींची घंटा

वरचं सगळं बरोबर. आता गार्सेटी कुठे अडकले ते सांगतो, कारण ‘समितीने अडवलं’ असं सर्रास लिहिलं जातं आणि ते चूक आहे. १४ डिसेंबर २०२१ ला सुनावणी झाली, जानेवारी २०२२ मध्ये समितीने नाव पुढे पाठवलं. अडलं त्यापुढे. ते लॉस एंजेलिसचे महापौर असताना त्यांच्या निकटच्या एका सल्लागारावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले होते. महापौरांना हे माहीत होतं का, हा प्रश्न होता. त्यांनी सुनावणीत नाही म्हटलं. नंतर रिपब्लिकन सिनेटर ग्रासली यांच्या कर्मचाऱ्यांनी साक्षीदारांशी बोलून मे २०२२ मध्ये अहवाल काढला, त्याचा निष्कर्ष उलट होता. म्हणजे समितीच्या मतदानानंतर चार महिन्यांनी माहिती आली, आणि तीही समितीबाहेरून. तेव्हा सिनेटमध्ये गार्सेटींचा डेमोक्रॅटिक पक्ष आणि रिपब्लिकन यांचं बळ ५०-५० असं होतं. स्वपक्षाचेच काही सदस्य डळमळल्यावर सभागृहातल्या बहुमत पक्षाच्या नेत्याने मतदानच लावलं नाही.

मग नियम ३१ आडवा आला : अधिवेशन संपेपर्यंत निर्णय झाला नाही तर नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत जातं. ३ जानेवारी २०२३ ला ते परत गेलं. पुन्हा नामनियुक्ती, समितीत १३ विरुद्ध ८, सभागृहात ५२ विरुद्ध ४२. सात रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं, तीन डेमोक्रॅटांनी विरोधात.

‘होल्ड’बद्दलही गैरसमज असतो. होल्ड हा नकाराधिकार नाही. राजदूतांची नावं एरवी सर्वानुमते झटपट मंजूर होतात. एक सदस्य ‘मी हरकत घेईन’ एवढं कळवतो, आणि मग नेत्याला रीतसर चर्चाबंदीचा प्रस्ताव आणावा लागतो. २०१३ पासून त्याला साधं बहुमत पुरतं, २०१९ पासून त्यानंतरची चर्चा तीस तासांऐवजी दोन तास. तरीही शंभर नावं आणि प्रत्येकाला सभागृहाचा वेळ, हा हिशेब जुळत नाही. होल्डची ताकद या वेळेच्या टंचाईत आहे. उमेदवारात काडीचा दोष नसतानाही होल्ड लागतो. २०२१ मध्ये सिनेटर क्रूझ यांनी रशिया ते जर्मनी अशा नॉर्ड स्ट्रीम-२ वायुवाहिनीच्या वादावरून कितीतरी राजदूत रोखले होते.

गोर यांच्या वेळी हीच टंचाई संपवली गेली. त्यांची सुनावणी ११ सप्टेंबर २०२५ ला, आणि त्याच दिवशी सिनेटने एकगठ्ठा मतदानाची वाट मोकळी केली. ७ ऑक्टोबरला १०७ नावं एकाच मतदानात, ५१ विरुद्ध ४७.

प्रतिसाद ३ – रावीकाठ

एकगठ्ठा मतदानाने छाननी संपली असं मात्र म्हणू नका. छाननी समितीत होते. जानेवारी २०१४ मध्ये नॉर्वेसाठी नाव असलेले जॉर्ज त्सुनिस सुनावणीत नॉर्वेच्या ‘राष्ट्राध्यक्षां’बद्दल बोलले, जिथे राजा आहे, आणि सत्तेतल्या प्रोग्रेस पक्षाला त्यांनी किरकोळ टोकाचा गट ठरवलं. काही मिनिटांची प्रश्नोत्तरं. वर्षअखेरीस त्यांनी नाव मागे घेतलं. पात्रतेच्या प्रमाणपत्रातून हे कधीच कळलं नसतं.

ब्रिटनची पद्धत शेजारी ठेवली की फरक कळतो. तिथे २०१० च्या घटनात्मक सुधारणा कायद्याचं कलम १०(३) राजदूतपदाला खुल्या स्पर्धेतून सूट देतं, आणि नेमणुकीपूर्वी संसदीय समितीपुढे जाणाऱ्या पदांत राजदूत येत नाहीत. मजूर पक्षाचे जुने नेते पीटर मँडेलसन यांचं नाव वॉशिंग्टनमधले राजदूत म्हणून २० डिसेंबर २०२४ ला जाहीर झालं. त्याआधी कॅबिनेट ऑफिसने सार्वजनिक माहितीवरून पडताळणी केली होती; सखोल सुरक्षा तपासणी झाली घोषणेनंतर. क्रम इथे चुकला असं माझं ठाम मत आहे. नाव जगभर गेल्यावर तपासणाऱ्याच्या नकाराची किंमत पंतप्रधानांना मोजावी लागते, आणि हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. ११ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे गोर यांची सुनावणी चालू होती त्याच दिवशी, लैंगिक गुन्ह्यांतला दोषी अमेरिकी धनिक जेफ्री एपस्टीन याच्यासोबतच्या ईमेलवरून मँडेलसन यांना पदावरून काढलं. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले ते त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये.

उंबरठा

दफ्तरखाना, घंटा, रावीकाठ, तिघांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न. मुंबईतल्या अमेरिकी महावाणिज्यदूताचं नाव सिनेटपुढे गेल्याचं कधी वाचलं नाही, ते का? आणि आपल्या संसदेला भारताच्या राजदूतांबाबत काही म्हणता येतं का?

प्रतिसाद ४ – दफ्तरखाना

मुंबईचा महावाणिज्यदूत हा सेवेतला अधिकारी असतो. अमेरिकी राज्यघटनेत राजदूतांसोबत वाणिज्यदूतांचाही उल्लेख आहे, पण व्यवहारात सिनेट या अधिकाऱ्यांना सेवेत घेताना आणि बढतीच्या वेळी लांब याद्यांमधून मंजुरी देते. मुंबई की चेन्नई, हे परराष्ट्र खातं ठरवतं.

आपल्याकडे नाव संसदेपुढे जातच नाही. नेमणूक पूर्णपणे सरकारची. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती आहे, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. पण लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला ३३१-ई अशा समित्यांना दैनंदिन प्रशासनात शिरू देत नाही, त्यामुळे एखाद्या नावावर त्या बोलू शकत नाहीत. अनुदानाच्या मागण्या तपासताना मात्र रिक्त पदं, सेवेतली मनुष्यबळाची टंचाई, भाषा प्रशिक्षण यांवर सचिवांना प्रश्न विचारता येतात. अहवाल सार्वजनिक असतात. खात्याने कोणती शिफारस स्वीकारली आणि कोणती टाळली ते पुढच्या ‘कृती-अहवाला’त सापडतं, वाचायला तिथूनच सुरुवात करा.